‘नासा’ लिहिताना किती अक्षरं कॅपिटल?

प्रश्न असा आहे: ऑफिसच्या इंग्रजी अहवालात ‘नासा’ लिहिताना प्रश्नकर्तीने बीबीसीच्या बातम्यांत असतं तसं फक्त पहिलं अक्षर कॅपिटल ठेवलं, उरलेली तीन स्मॉल. साहेबांनी लाल शेरा मारला, की हा संक्षेप आहे, चारही अक्षरं कॅपिटलच हवीत. यात बरोबर कोण?

दोघंही बरोबर, फक्त घराणी वेगळी. इंग्रजीला व्याकरणाचं सर्वोच्च न्यायालय नाही. अशा बाबतीत प्रत्येक वृत्तपत्र, प्रकाशनसंस्था आणि विद्यापीठ आपापली शैलीपुस्तिका पाळतं. त्यामुळे ‘इंग्रजीचा नियम काय’ असं विचारण्यापेक्षा ‘कोणाचा नियम’ असं विचारलेलं बरं.

प्रश्नकर्तीचं घराणं ब्रिटिश. बीबीसी आणि ‘द गार्डियन’ हे वृत्तपत्र उच्चारावर जातात. संक्षेप एकेक अक्षर सुटं म्हणून वाचला जात असेल, जसं बीबीसी किंवा सीईओ, तर सगळी अक्षरं कॅपिटल. तो सलग शब्दासारखा उच्चारला जात असेल, जसं नासा, नाटो, युनिसेफ, तर फक्त पहिलं कॅपिटल, कारण तो आता साधं विशेषनाम झाला. ‘गार्डियन’ आणखी एक पायरी उतरतो. जो शब्द रोजच्या वापरात मुरला, त्याचं पहिलं अक्षरही स्मॉल. लेसर तर झालाच, पण मोबाइलमधलं सिम कार्ड आणि बँकेचा पिनसुद्धा तिथे पूर्ण स्मॉलमध्ये दिसतो. भारतीय डोळ्याला हे खटकतं, मलाही खटकतं, पण त्यामागचा विचार सुसंगत आहे.

हा उच्चाराचा निकष लावायला मराठी माणसाकडे एक हुकमी युक्ती आहे. देवनागरीत कॅपिटल-स्मॉल हा भेदच नाही. तरीही संक्षेप कोणत्या जातीचा ते आपण नकळत लिहून दाखवतो. एटीएम, एफआयआर, बीबीसी लिहिताना आपण इंग्रजी अक्षरांची नावं ओळीने मांडतो. इस्रो, नाबार्ड, सिडको, म्हाडा लिहिताना मात्र अक्षरांची नावं गायब होतात आणि शब्द उरतो. तेव्हा संक्षेप आधी देवनागरीत लिहून बघायचा. अक्षरांची माळ दिसली तर ब्रिटिश पद्धतीनेही सगळी अक्षरं कॅपिटलच. शब्द दिसला, तर आणि तरच, बाकीची अक्षरं स्मॉल करण्याची मुभा. ‘बीबीसी’चं फक्त पहिलं अक्षर कॅपिटल ठेवणं गार्डियनवालेही चालवून घेणार नाहीत.

युक्तीला एक खोच आहे. उच्चार देशागणिक बदलतो. आपल्याकडे जीएसटी येण्याआधी दुकानदारापासून अर्थमंत्र्यांपर्यंत सगळे ‘व्हॅट’च म्हणत. ब्रिटनमध्ये ‘व्ही-ए-टी’ असं सुटंही म्हणतात, आणि गार्डियनच्या यादीत तो सुट्या अक्षरांच्या रांगेत, म्हणजे पूर्ण कॅपिटलमध्ये. नियम एकच, पण मुंबईतून आणि लंडनमधून उत्तरं दोन.

अमेरिकेत आणखी निराळा कारभार. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ उच्चारासोबत लांबीही मोजतो. शब्दासारखा उच्चारला जाणारा संक्षेप चार अक्षरांपर्यंतचा असेल तर पूर्ण कॅपिटल, त्याहून लांब असेल तर फक्त पहिलं अक्षर. म्हणून त्या पेपरात नासा आणि नाटो अख्खे कॅपिटल आणि शेजारच्याच ओळीतल्या युनेस्कोचं फक्त पहिलं अक्षर कॅपिटल, असं दृश्य दिसतं. शिवाय एफबीआयसारख्या सुट्या अक्षरांमध्ये ते अजूनही पूर्णविराम देतात. असोसिएटेड प्रेस ही वृत्तसंस्था मात्र नासा, नाटो, युनिसेफ सगळ्यांनाच पूर्ण कॅपिटल देते.

या सगळ्याचा कस एका रोगाने लावला. 11 फेब्रुवारी 2020 रोजी जागतिक आरोग्य संघटनेने ‘कोविड-19’ हे नाव जाहीर केलं आणि स्वतः ते पूर्ण कॅपिटलमध्ये लिहिलं. असोसिएटेड प्रेसने तसंच ठेवलं. न्यूयॉर्क टाइम्सने अक्षरं मोजली, पाच भरली, म्हणून फक्त पहिलं कॅपिटल. गार्डियननेही तेच केलं, पण उच्चारावरून. आणि ‘द इकॉनॉमिस्ट’ने रोगाचं नाव म्हणजे सामान्यनाम, असं धरून सगळंच स्मॉल करून टाकलं. रोग एक, लेखनं तीन, आणि तिन्ही नामांकित संपादकांच्या हातून गेलेली.

भारतातही एकमत नाही. इस्रो ‘द हिंदू’मध्ये पूर्ण कॅपिटल असते, ‘टाइम्स ऑफ इंडिया’त फक्त पहिलं अक्षर. सरकारी आणि शास्त्रीय लेखनात मात्र पूर्ण कॅपिटलचंच राज्य आहे. साहेबांचा आग्रह तिथून आला असणार आणि ऑफिसच्या अहवालापुरता तो मला पटतो. त्याला व्यावहारिक कारणही आहे. मुंबईच्या ‘बेस्ट’चं फक्त पहिलं अक्षर कॅपिटल ठेवून इंग्रजी वाक्याची सुरुवात केली, तर ‘बेस्ट बसेस’ म्हणजे बेस्टच्या बसगाड्या की सर्वोत्तम बसगाड्या, हे थांब्यावर उभं राहणाऱ्यालाच ठाऊक! ‘एड्स’चंही तेच, इंग्रजीत त्याच स्पेलिंगचा अर्थ ‘साहाय्य’ असाही होतो. संक्षेपाचं स्पेलिंग एखाद्या चालू शब्दाशी जुळत असेल तिथे पूर्ण कॅपिटल वाचकाची फसगत टाळतं.

पण काही शब्द या वादातून कधीच सुटले. ‘रडार’ हा 1940 साली अमेरिकी नौदलात घडवलेला संक्षेप. तो सुरुवातीला कॅपिटलमध्येही लिहिला जाई, आज तसा कोणी लिहीत नाही. ‘लेसर’ गॉर्डन गूल्ड यांच्या 1957 च्या वहीत दिसतो. तो इतका रुळला, की त्याचं शेपूट छाटून इंग्रजीने ‘लेझ’ असं क्रियापदही तयार केलं, जणू तो मूळचाच धातुसाधित शब्द. अहवालात हे पूर्ण कॅपिटलमध्ये लिहिले तर ते जुनाट दिसेल. ‘अमूल’ आणि ‘फियाट’ हेही मुळात संक्षेपच, एक आणंदचा आणि दुसरा तुरिनचा. युनिसेफचं तर 1953 मध्ये नाव आखूड झालं, त्यातले ‘आंतरराष्ट्रीय’ आणि ‘आणीबाणी’ हे शब्द गळले, तरी त्यांची अक्षरं संक्षेपात तशीच राहिली. अशा वेळी तो संक्षेप आहे म्हणून कॅपिटल द्या, हा युक्तिवाद जरा लंगडा पडतो.

संगणकवाल्यांचे हाल वेगळेच. मायक्रोसॉफ्टच्या ‘डॉटनेट’ या प्रोग्रामिंग व्यवस्थेत नावं कशी द्यावीत, याच्या नियमावलीत दोन अक्षरी संक्षेप पूर्ण कॅपिटल आणि तीन किंवा जास्त अक्षरांचा फक्त पहिलं कॅपिटल. ब्राउझरमधल्या ‘एक्सएमएल-एचटीटीपी-रिक्वेस्ट’ या प्रसिद्ध नावात तर एक्सएमएल पूर्ण कॅपिटल आणि त्याला चिकटलेल्या एचटीटीपीचा फक्त एच कॅपिटल. एकाच नावात दोन्ही घराणी नांदतात. पुण्या-बंगळुरूत हे नाव टाइप करताना किती जण अडखळले असतील!

एककांना मात्र यातलं काहीच लागू नाही. ती संक्षेप नसून चिन्हं आहेत, तिथे आवडीनिवडीला वाव नाही. वॉटच्या आधीचा एम कॅपिटल असेल तर मेगावॉट, स्मॉल असेल तर मिलिवॉट. फरक एक अब्ज पटींचा.

साहेबांना उलट सांगण्यासारखी एक गोष्ट प्रश्नकर्तीने जरूर सांगावी. संक्षेप कॅपिटल आहे म्हणून त्याचं विस्तारित रूप कॅपिटल होत नाही. एटीएमचा विस्तार ‘ऑटोमेटेड टेलर मशीन’ वाक्यात मधे आला तर तिन्ही शब्द स्मॉलच, कारण ते यंत्राचं सामान्यनाम आहे. ‘रिझर्व्ह बँक ऑफ इंडिया’ हे विशेषनाम, म्हणून तिथे कॅपिटल. आपल्याकडच्या इंग्रजी अहवालांत नासाच्या कॅपिटलपेक्षा ही चूक कितीतरी जास्त सापडते.

आणि संक्षेपाआधी ‘अ’ की ‘अ‍ॅन’, हेही कॅपिटल-स्मॉलवर ठरत नाही. तिथेही देवनागरीच उपयोगी पडते. एफआयआर, एमएलए, एनजीओ हे लिहिताना सुरुवातीला स्वर दिसतो, म्हणून ‘अ‍ॅन’. नासा नकाराने आणि युनेस्को यकाराने सुरू होतात, म्हणून दोन्हीकडे ‘अ’, मग युनेस्कोचं इंग्रजी स्पेलिंग स्वराने का सुरू होईना.