आधी पाऊस मोज, मग अर्थ लाव

प्रिय,

तुझ्या लेखाचा खर्डा दोनदा वाचला. हेमिंग्वेची ‘अ फेअरवेल टू आर्म्स’ ही पहिल्या महायुद्धावरची कादंबरी तुला भिडली आहे, हे कळतं. पण तिसऱ्याच वाक्यात ‘या कादंबरीत पाऊस म्हणजे मृत्यू’ असं तू ठोकून दिलंस आणि पुढची सगळी पानं त्याच समीकरणाची उजळणी करण्यात गेली. लेख बसला तो तिथेच.

प्रतीक शोधायला निघायच्या आधी मोजणी कर. कादंबरी पाच भागांची, 41 प्रकरणांची आहे. पहिलं वाचन पेन्सिलीशिवाय झालंय, आता दुसरं वहीसकट कर. तीन रकाने आख: प्रकरण कोणतं, पाऊस पडताना काय चाललंय, आणि पावसाबद्दल बोलतंय कोण. इटालियन सैन्याच्या रुग्णवाहिका सांभाळणारा निवेदक फ्रेडरिक, त्याची प्रेयसी, परिचारिका कॅथरिन, की कुणीच नाही? तिसरा रकाना बहुतेक जण गाळतात, आणि खरी मेख तिथेच असते.

पहिल्या प्रकरणात पाऊस हा नुसता पाऊस आहे. रस्त्यांचा चिखल होतो, सैनिक ओल्या केप घालून चालतात. त्यांच्या पट्ट्याला पुढच्या बाजूला काडतुसांच्या चामडी पेट्या आहेत. त्या केपखाली अशा फुगलेल्या दिसतात की माणसं सहा महिन्यांची गरोदर असावीत असं वाटतं. या उपमेपाशी थांब. पावसाची ओल, गर्भ आणि दारूगोळा इथे एकाच वाक्यात आलेत, आणि शेवटच्या प्रकरणात बाळंतपणात मूल आणि कॅथरिन दोघंही जातात, ते तुला ठाऊक आहे. तरी लेखक एका शब्दाने बोट दाखवत नाही. हिवाळ्याच्या तोंडावर पावसाबरोबर कॉलरा येतो आणि सैन्यात ‘फक्त’ सात हजार माणसं मरतात. त्या ‘फक्त’वर एक परिच्छेद सहज लिहिता येईल. तुझ्या खर्ड्यात तो शब्दच नाही.

पावसाला मरणाशी उघडपणे जोडते ती कॅथरिन, एकोणिसाव्या प्रकरणात, मिलानच्या इस्पितळात. पावसाची भीती वाटते, कारण कधी त्यात मी स्वतः मेलेली दिसते, कधी तू, असं ती सांगते. म्हणजे समीकरण लेखकाने मांडलेलं नाही, एका घाबरलेल्या बाईने मांडलंय. फरक मोठा आहे. तिचा वाग्दत्त वर फ्रान्समध्ये सोमच्या लढाईत मेलाय. डोक्याला पट्टी बांधून, तलवारीचा देखणा वार मिरवत तो आपल्याच इस्पितळात येईल, असं खुळं स्वप्न तिने पाहिलं होतं. प्रत्यक्षात त्याच्या चिंधड्या उडाल्या. फ्रेडरिकला ती पहिल्यांदा भेटते तेव्हा त्या मेलेल्या वराचीच छडी तिच्या हातात असते. वियोग कादंबरीच्या शेवटी येतो, हे तुझं विधान म्हणूनच टिकत नाही. तो तिच्या हातात आधीपासून आहे.

म्हणून प्रेमाची सुरुवातही नीट वाच. सहाव्या प्रकरणात ती फ्रेडरिककडून वाक्यं वदवून घेते, जणू मेलेलाच परत आलाय. तो मनात म्हणतो, हा पत्त्यांतल्या ब्रिजसारखा खेळ आहे, फक्त पानांऐवजी शब्द टाकायचे, आणि पैज कशावर लागलीय ते कुणी सांगितलेलं नाही. खेळ भिकार आहे, हे थोड्या वेळाने तीच बोलून दाखवते. तिला ‘आज्ञाधारक, भाबडी प्रेयसी’ म्हणणाऱ्यांनी हे पान वाचलेलं दिसत नाही.

आता अपवाद, म्हणजे तुझ्या समीकरणाची परीक्षा. मॅगिओरे सरोवरातून रात्रभर वल्ही मारत दोघं स्वित्झर्लंडला पोचतात. तिथेही पाऊस पडतोय, नोव्हेंबरचा बारीक पाऊस. पण कॅथरिनला तो आनंदी वाटतो. इटलीत असा पाऊस कधी नव्हता, म्हणते. तुझ्या वहीत ही नोंद नसेल, तर मोजणी अर्धवट झाली. अपवाद लपवू नकोस, त्याच्यावरच लेख उभा कर. ज्या तोंडाने भीती सांगितली त्याच तोंडाने ती झटकली जाते. नंतर मार्चमध्ये डोंगरातला बर्फ संपतो, पुन्हा पाऊस लागतो आणि ती दोघं लोझानला खाली उतरतात. शेवटी फ्रेडरिक हॉटेलकडे जातो तो पावसातच.

एक सावधगिरी, खास मराठी वाचकासाठी. पाऊस म्हटला की आपल्या कानात पेरणी, माहेर, विरहिणी वाजू लागतात. तो कान थोडा बाजूला ठेव. इटलीच्या आघाडीवरच्या इसोन्झो नदीकाठचा हा पाऊस पीक आणत नाही, चाकं रुतवतो. ऑक्टोबर 1917 मधल्या इटालियन सैन्याच्या कापोरेत्तोच्या माघारीत रुग्णवाहिका कच्च्या वाटेत फसतात, दोन सार्जंट मदत न करता चालू लागतात, आणि फ्रेडरिक त्यांच्यातल्या एकावर गोळी झाडतो. इथे पाऊस घटनेचं कारण आहे, प्रतीक नंतर. आधी चिखल लिही.

डोंगर म्हणजे घर आणि मैदान म्हणजे नाश, ही मांडणी समीक्षक कार्लोस बेकर यांनी 1952 मध्ये केली. वापर, पण लढाई डोंगरांतही चालते, हे विसरू नकोस. शीर्षकावरचा परिच्छेद मात्र ठेव: मूळ ‘आर्म्स’ या शब्दात शस्त्रं आणि बाहू दोन्ही आहेत. ‘शस्त्रांना निरोप’ म्हटलं की त्यातली मिठी गळून पडते.

‘ही लेखकाचीच प्रेमकहाणी’ हे काढून टाक. हेमिंग्वे इटलीत पोचला 1918 मध्ये, कापोरेत्तोच्या माघारीनंतर. तो जिच्या प्रेमात पडला ती परिचारिका मेली नाही, तिने पत्र पाठवून नकार दिला. चरित्रातून साहित्य आलं असेल, पण माघार आणि मरण रचलेलं आहे.

तुझी भाषा. ‘वीरमरण’, ‘बलिदान’, ‘अमर प्रेम’ हे शब्द मी मोजले, अकरा निघाले. सत्ताविसाव्या प्रकरणात फ्रेडरिकला नेमक्या अशाच शब्दांची लाज वाटते. गावांची नावं, रस्त्यांचे क्रमांक, तारखा यांनाच काही प्रतिष्ठा उरलीय, असं त्याला वाटतं. अशा पुस्तकावर लिहिताना अकराही खोड.

शेवटच्या प्रकरणातल्या मुंग्या तू एका ओळीत उरकल्यास. मूल मेलेलं जन्मलं, हे कळल्यावर वाट बघत बसलेल्या फ्रेडरिकला शेकोटीतलं एक लाकूड आठवतं. त्यावर मुंग्यांची झुंबड उडालीय, काही आगीत पडतायत. त्याला मसीहा, म्हणजे तारणहार, होता आलं असतं, लाकूड उचलून बाहेर टाकता आलं असतं. तो पत्र्याच्या कपातलं पाणी ओततो, तेही कप व्हिस्कीसाठी रिकामा हवा म्हणून. मुंग्या बहुधा वाफेने भाजल्या एवढंच. देव निर्दय आहे, असा अर्थ लगेच काढू नकोस. कप कशासाठी रिकामा केला, तिथे थांब.

पुढच्या खर्ड्याला सुरुवात त्या छडीपासून कर आणि पाऊस तिसऱ्या पानाआधी येऊ देऊ नकोस. वहीचे रकानेही सोबत पाठव.

सस्नेह