एलएलबीला नुकताच प्रवेश घेतलास ना? मग हे वाच

बारावीनंतरचा ५ वर्षांचा कोर्स असो की पदवीनंतरचा ३ वर्षांचा, कायद्याचे मुख्य विषय जवळपास तेच. पाच वर्षंवाल्यांना सुरुवातीला राज्यशास्त्र, अर्थशास्त्र वगैरे जास्तीचं असतं, एवढंच.

१८७२ चा करार कायदा मात्र मन लावून कर. प्रस्ताव, स्वीकृती, प्रतिफल (म्हणजे करारातला मोबदला) हे पक्कं झालं की पुढे मालविक्री आणि भागीदारी सोपी जाते.

सीनियरकडून फौजदारी कायद्याची जुनी पुस्तकं फुकट मिळतील. घे, पण जपून वापर. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. खुनाची शिक्षा आता कलम ३०२ नाही, १०३ मध्ये आहे. फसवणुकीचं प्रसिद्ध ४२० गेलं, ३१८ आलं. (बोलण्यातला 'चारसोबीस' काही जाणार नाही!) दंड प्रक्रिया संहिता आणि पुरावा कायदाही बदलले. तरी जुने निकाल जुन्याच कलमांच्या भाषेत आहेत, त्यामुळे दोन्ही आकडे शेजारी लिहिलेला तक्ता वहीत ठेव.

संविधानासाठी मूळ कलमं आधी वाच, गाइड नंतर. संसदेला संविधानाची मूळ चौकट मोडता येत नाही, असं ठरवणारा १९७३ चा केशवानंद भारती खटला टाळता येणार नाही. १३ न्यायाधीश, ७ विरुद्ध ६ असा निकाल. पहिल्याच वर्षी तो अख्खा वाचायला घेऊ नकोस, झोप लागेल.

१९०८ ची दिवाणी प्रक्रिया संहिता वर्गात रुक्ष वाटते. ती शिकवली जात असताना जिल्हा न्यायालयात चार दिवस मागच्या बाकावर बसून ये. 'तारीख' कशी पडते ते तिथेच कळतं.