सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत फिल्म कॅमेरा नेतोय, डिजिटलची सवय आहे. एक्स्पोजर कसं धरू?

नंदीध्वजांच्या (सजवलेल्या उंच काठ्यांच्या) मिरवणुकीत खरी अडचण पांढऱ्या रंगाची. भक्त सगळे पांढऱ्या बाराबंदीत (बंदांनी बांधायच्या अंगरख्यात), वर संक्रांतीचं लख्ख ऊन. कॅमेऱ्यातल्या प्रकाश मोजणाऱ्या मीटरला समोरचं सगळं मध्यम करडं वाटतं, म्हणून पांढऱ्या गर्दीवर तो कमी प्रकाश सुचवतो आणि बाराबंद्या मळक्या दिसतात, चेहरे काळवंडतात. मीटर सांगेल त्यापेक्षा एक स्टॉप जास्त, म्हणजे दुप्पट प्रकाश द्या.

इथंच डिजिटलची सवय मोडावी लागेल. डिजिटलमध्ये पांढरं एकदा जळालं की कापडाच्या चुण्या परत मिळत नाहीत, म्हणून आपण हात आखडता घेतो. निगेटिव्ह फिल्मचं उलटं असतं. थोडा जास्त प्रकाश ती आरामात पचवते, पण सावलीत कमी पडला तर तिथं काहीच उमटत नाही. तेव्हा सावलीतल्या चेहऱ्यावर मीटर धरा. (स्लाइड फिल्म असेल तर मात्र डिजिटलसारखंच जपून.)

मीटर बंद पडलेला असेल तरी अडत नाही: ४०० आयएसओची फिल्म, भर उन्हात एफ १६, शटर १/५००.

होम मैदानावरच्या शोभेच्या दारूकामाला १०० ची फिल्म, ट्रायपॉड, केबल रिलीज, एफ ११ आणि बल्ब (बटण दाबून ठेवाल तितका वेळ शटर उघडं). दारूकामाच्या रेघांचा उजेड अॅपर्चर ठरवतं. शटर किती वेळ उघडं, त्यावर फक्त रेघा किती येतात ते ठरतं. दोन-चार सेकंद पुरतात.

आणि जास्तीचा रोल आधीच घेऊन ठेवा, मिरवणुकीच्या गर्दीत दुकान गाठणं अवघड.