पंचांसाठी : शॉटवरचा फाउल कधी धरायचा?

प्रश्न : शालेय स्पर्धांमध्ये मी बास्केटबॉलचा पंच असतो. ले-अपला (पळत जाऊन बास्केटजवळून मारायच्या शॉटला) निघालेल्या खेळाडूवर फाउल झाला की एका बाकावरून ‘टू शॉट्स’ (दोन फ्री थ्रो, म्हणजे कुणी न अडवता मारायचे शॉट) अशी ओरड होते, दुसऱ्यावरून ‘चेंडू हातातच होता’ अशी. ठरवायचं कसं? (नागपूर)

उत्तर : चेंडू हातातून सुटला होता का, हे बघायचंच नाही. शॉटची क्रिया सुरू झाली होती का, ते बघा. फिबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या) नियमांप्रमाणे जागेवरच्या शॉटमध्ये चेंडू बास्केटकडे वर निघाला की ती सुरू होते. पळत्या शॉटमध्ये त्याच्याही आधी : ड्रिबल (चेंडूचे टप्पे मारत पळणं) संपून चेंडू हातात स्थिरावला आणि शॉटची हालचाल सुरू झाली की लगेच. म्हणजे चेंडू अजून कमरेपाशी आहे, पहिलंच पाऊल पडतंय आणि मनगटावर फटका बसला, तरी फ्री थ्रो द्या. पावलं मोजत बसू नका, त्यांचा इथे संबंध नाही.

मात्र फाउलनंतर त्या खेळाडूने पास दिला, तर तो शॉट मारत नव्हता असं धरायचं. म्हणून शिट्टी वेळेवर वाजवा, मूठ वर करा, पण फ्री थ्रोची बोटं दाखवण्याआधी क्षणभर थांबा.

चुका बहुतेक उभं राहण्याच्या जागेमुळे होतात. बेसलाइनवरचा (बास्केटमागच्या रेषेवरचा) पंच शूटरच्या पाठीमागे अडकला की त्याला हात दिसतच नाहीत, मग तो आवाजावर शिट्टी वाजवतो. चेंडूवर बसलेल्या हाताचाही तसाच ‘चट्’ आवाज येतो! दोन पावलं बाजूला सरका, शूटर आणि डिफेंडर (त्याला अडवणारा) यांच्यामधली फट दिसली पाहिजे. आणि नजर डिफेंडरवर ठेवा. तो आपल्या जागेवरून सरळ वर उडाला, हात सरळ वर असले, तर टक्कर होऊनही त्याचा फाउल नाही. हात पुढे झुकून खाली आले आणि शूटरला लागले, तर आहे.

प्रश्न : चेंडू सुटल्यावर धक्का लागला तर? (सांगली)

उत्तर : हवेतल्या शूटरचे दोन्ही पाय जमिनीला टेकेपर्यंत तो शूटरच. त्याच्या पायाखाली सरकणाऱ्या डिफेंडरला अजिबात सोडू नका, घोटे तिथेच मोडतात. बास्केट झाली तर ती धरून एक फ्री थ्रो, हुकली तर दोन, ६.७५ मीटरच्या (तीन गुणांच्या) रेषेबाहेरून असेल तर तीन. उडताना पाय रेषेवर असेल तर दोनच. शूटरनेच पाय फाकवून डिफेंडरला मारला, तर फाउल शूटरचा.

प्रश्न : फाउल झाला, लगेच क्वार्टर संपल्याचा बझर वाजला आणि मग चेंडू सुटून बास्केट झाली. गुण द्यायचे? (पुणे)

उत्तर : नाही. बझरच्या वेळी चेंडू हातात होता, त्यामुळे बास्केट रद्द. फाउल आधीचा आहे, म्हणून दोन किंवा तीन फ्री थ्रो मात्र द्यायचेच.