पियानो शिकायला लागून वर्षही झालेलं नाही. शास्त्रीय रचना किती अवघड आहे हे आधीच कसं ओळखायचं?

सोपी म्हणून बेथोवेनची ‘फ्युर एलिझे’ घेतली, पहिलं पान बसलं आणि पुढे गाडी अडली, असं तुम्ही लिहिलंय. बहुतेकांचं तिथेच अडतं. सुरुवातीच्या त्या प्रसिद्ध भागात दोन्ही हात बरेचसे आळीपाळीने चालतात, म्हणून तो पटकन जमतो. मग एफ मेजरचा (वेगळ्या स्वरपट्टीतला) भाग येतो, तिथे उजव्या हाताला भराभर पळावं लागतं. त्याच्या पुढे डावा हात खालचा एकच स्वर सतत ठोकत राहतो. या दोन्हींची तयारी पहिल्या पानाने होत नाही.

म्हणून मी रचना निवडताना पहिली ओळ बघतच नाही. पानं उलटून स्वरांच्या गर्दीने कागद सगळ्यात काळा कुठे दिसतो ते शोधतो आणि तिथले चार बार (उभ्या रेघांमधले तालाचे खण) आधी एकेका हाताने, मग दोन्ही हातांनी, अगदी सावकाश वाजवून बघतो. एका बैठकीत धडपडत का होईना निघाले, तर रचना घ्यायची. नाहीतर सहा महिन्यांनी पुन्हा बघू.

पण नुसत्या शाईवरही जाऊ नका. मोझार्टचा सी मेजर सोनाटा (के. ५४५, हा त्याच्या रचनांच्या सूचीतला क्रमांक) पानावर किती मोकळा दिसतो! त्याने स्वतः १७८८ साली आपल्या यादीत तो ‘नवशिक्यांसाठी’ म्हणून नोंदवलाय. तरी पाचव्या बारपासून उजव्या हाताला एकामागून एक स्केल (क्रमाने चढणारे-उतरणारे स्वर) येतात, आणि अंगठा खालून नेताना जरा धक्का बसला की लगेच ऐकू येतो. उलट बाखच्या ‘वेल टेम्पर्ड क्लेव्हियर’या संग्रहातलं पहिलं प्रेल्यूड (छोटी रचना) बघा. बार ३५, पण जवळजवळ शेवटपर्यंत आकृती एकच: डाव्या हाताला दोन स्वर, उजव्याला तीन, की झाला एक कॉर्ड (एकत्र वाजणारा स्वरांचा गट). आधी पाचही स्वर एकदम दाबत सगळं वाचून काढा, मग सुटे करा. स्वर सापडणं सोपं आहे, ते सगळे एकसारखे वाजणं नाही.

आत्ता घ्यायचंच तर पेत्झोल्डचा जी मेजर मिन्युएट (एक नृत्यरचना) घ्या (हा अजूनही बाखच्या नावावर खपतो). शुमानच्या ओपस ६८ (ओपस म्हणजे प्रकाशित संग्रहाचा क्रमांक) मधले सुरुवातीचे तुकडे घ्या, ते त्याने मुलांसाठीच लिहिलेत. मग बुर्गम्युलरचा ‘अरेबेस्क’: उजव्या हाताची पळापळ मधल्या भागात डाव्याकडे जाते, त्यामुळे कुठला हात कच्चा आहे ते तिथल्या तिथे कळतं. क्लेमेंटीची ओपस ३६ मधली पहिली सोनाटिना (छोटा सोनाटा) त्यानंतर.

परीक्षांच्या ग्रेड बघायला हरकत नाही, फक्त एका संस्थेचा आकडा दुसरीशी जुळवत बसू नका. प्रकाशक कधीकधी अख्ख्या सोनाटाला एकच आकडा देतात, त्यात अवघड भाग सोप्यालाही वर ओढतो. आणि एक रचना आवाक्याच्या जरा बाहेरची घेतलीत तरी सोबत दोन पायऱ्या खालची, आठवड्यात संपणारी एखादी असू द्या. नोटेशन वाचून वाजवण्याचा हात तिच्यावरच बसतो.