१९७२ ची अँबॅसिडर मार्क-२ : नवी बॅटरी चार दिवसांत उतरते आणि सेल्फ नुसता 'टक्' करतो. काय तपासावं?

तुमचं म्हणणं असं की नवी बॅटरी टाकूनही चार-पाच दिवसांत सकाळी सेल्फ लागत नाही, नुसता 'टक्' आवाज येतो. इंजिन चालू असताना डॅशवरचा लाल दिवा मंद पेटलेला राहतो, रेस दिली तरी विझत नाही. आणि मेकॅनिक म्हणतोय की डायनामो काढून अल्टरनेटर बसवा. अल्टरनेटरचं नंतर बघू. त्या मंद दिव्याने अर्धं निदान आधीच करून दिलंय.

हा दिवा डायनामो आणि बॅटरी यांच्या मधोमध जोडलेला असतो. दोन्ही बाजूंचं व्होल्टेज सारखं झालं की तो विझतो, फरक राहिला की पेटतो. डायनामो पूर्ण मेला असेल किंवा पट्टा तुटला असेल, तर दिवा लखलखीत पेटतो. आयडलिंगला पेटून रेस दिल्यावर विझत असेल, तर ते या गाडीला नॉर्मल आहे. कुठल्याही स्पीडला मंद जळत राहिला, तर बहुतेक वेळा डायनामो करंट बनवतोय, पण तो बॅटरीपर्यंत नीट पोचत नाहीये. म्हणून संशय आधी कटआउटवर (डायनामोचं व्होल्टेज पुरेसं झालं की त्याला बॅटरीशी जोडणारा आणि कमी झालं की तोडणारा आपोआप चालणारा स्विच) आणि मग त्यापुढच्या वायरींवर. डायनामोचा नंबर शेवटी.

कामाला लागण्याआधी बॅटरी बाहेर काढून रात्रभर चार्जरवर पूर्ण चार्ज करा आणि दोन-तीन तास तशीच ठेवून मोजा. १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली म्हणजे रिकामी. उतरलेल्या बॅटरीवर घेतलेल्या कुठल्याही रीडिंगला अर्थ नसतो. बॅटरी परत लावताना तिचं कुठलं टोक बॉडीला जातं ते बघून ठेवा. ब्रिटिश घराण्याच्या जुन्या गाड्यांत पॉझिटिव्ह टोक बॉडीला असू शकतं. तसं असेल तर खालच्या मापांत मल्टिमीटरच्या पिना उलट धरा.

आता कटआउट. बॉनेटखाली काळं झाकण असलेला लुकास कंपनीचा डबा असतो, कटआउट त्यातच असतो. डब्यावर ए, ए१, एफ, डी, ई अशी अक्षरं असतात; 'डी' डायनामोकडचं टोक, 'ए' बॅटरीकडचं. इंजिन साधारण १५०० आरपीएमवर ठेवा, हेडलाइट बंद. मीटरची एक पिन बॉडीला लावून दुसरीने आधी 'डी' मोजा, मग 'ए', मग थेट बॅटरीचं टोक. 'डी'ला १५-१६ आणि 'ए'ला १२.३ आलं, तर कटआउटचे पॉइंट मिटत नाहीत किंवा मिटूनही जळके असल्यामुळे करंट सोडत नाहीत. तुमच्या लक्षणांवरून हेच निघेल असा माझा अंदाज आहे. 'ए'ला १४ आणि बॅटरीला १३ आलं, तर मधल्या वायरीत, अ‍ॅमीटरच्या नटात किंवा स्टार्टरच्या जोडाशी कुठेतरी ढिलं किंवा गंजलेलं आहे. 'डी'लाच १२ च्या आसपास किंवा त्याहून कमी आलं, तरच डायनामोकडे वळा.

कटआउट साफ करताना एक चूक सर्रास होते. डब्यात पॉइंटच्या दोन जोड्या असतात. जाड तारेचे वेढे असलेल्या बॉबिनवरची जोडी कटआउटची, गाडी बंद असताना ती उघडी असते. दुसरी रेग्युलेटरची, म्हणजे डायनामोचं व्होल्टेज आवरणाऱ्या भागाची, ती बंद गाडीत मिटलेली असते. कटआउटचे पॉइंट मऊ असतात. त्यांना एमरी पेपर किंवा कानस कधीच लावायची नाही. बॅटरीची वायर काढून ठेवा, बारीक काचपेपरची पट्टी पॉइंटच्या मध्ये धरा, बोटाने हलकं दाबून दोन-चारदा ओढा आणि स्पिरिटच्या फडक्याने पुसून घ्या. रेग्युलेटरचे पॉइंट कठीण असतात, तिथे बारीक एमरी चालते. कटआउट १२.७ ते १३.३ व्होल्टला मिटायला हवा आणि इंजिन मंदावल्यावर ८.५ ते ११ च्या दरम्यान उघडायला हवा. तो उघडलाच नाही, म्हणजे पॉइंट चिकटले, तर गाडी बंद केल्यावर बॅटरी उलट डायनामोत रिकामी होते. अशा वेळी डायनामो आणि वायरी चटका बसेल इतक्या तापतात. बॅटरीची वायर ताबडतोब काढा.

आणि कृपया रेग्युलेटरचा स्क्रू फिरवू नका. 'ए'च्या वायरी काढून, म्हणजे लोड नसताना, रेग्युलेटर आपल्याकडच्या उन्हात साडेपंधरा-सोळा व्होल्ट दाखवतो आणि ते बरोबर असतं. हा आकडा बघून 'ओव्हरचार्ज होतंय' म्हणत स्क्रू खाली आणला, की बॅटरी कायम उपाशी. अशा गाड्या भरपूर फिरतात आणि दर वर्षी नवी बॅटरी खातात.

डायनामो तपासायचाच झाला, तर त्याच्या 'डी' आणि 'एफ'वरच्या दोन्ही वायरी काढा आणि ती दोन टर्मिनलं छोट्या वायरीने एकमेकांना जोडा. मीटर त्या जोडाला आणि बॉडीला लावा. इंजिन हळूहळू हजार आरपीएमपर्यंत न्या. व्होल्टेज न अडखळता चढलं पाहिजे. २० च्या वर जाऊ देऊ नका. काहीच आलं नाही तर कार्बन (ब्रश) संपलेत किंवा अडकलेत. अर्धा-एक व्होल्टच आला तर फील्डची वायंडिंग, चार-पाच व्होल्टवर थांबला तर आर्मेचर, म्हणजे आतला फिरणारा भाग, खराब. कार्बन बदलताना कम्युटेटरच्या (कार्बन ज्यावर घासतात त्या तांब्याच्या भागाच्या) पट्ट्यांमधली मायका ०.८ मिमी खोल खरवडून घ्यायला सांगा, नाहीतर नवे कार्बन उडत राहतात. मागच्या बुशच्या भोकात अधूनमधून इंजिन ऑइलचे दोन-तीन थेंब पुरेत. प्रेमाने जास्त घातलं की ते कार्बनवर उतरतं. पट्टा अंगठ्याने दाबल्यावर अर्धा इंच खाली जावा.

आता 'टक्'. बॅटरी पूर्ण भरलेली असताना सेल्फने इंजिन झपाट्याने फिरत असेल, तर 'टक्'चं कारण चार्जिंगच आहे. तरीही अर्थिंग एकदा तपासाच. सेल्फ दीडशे-दोनशे अँपिअर ओढतो. एवढ्या करंटला जोडात एक शतांश ओहमचा गंज असला तरी दीड-दोन व्होल्ट तिथेच जळतात. गिअर न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, इग्निशन कॉइलची छोटी वायर काढलेली, म्हणजे इंजिन फिरेल पण चालू होणार नाही. मीटरची एक पिन बॅटरीच्या अर्थच्या शिशाच्या टोकावर टेकवा, क्लॅम्पवर नाही. दुसरी इंजिन ब्लॉकच्या स्वच्छ धातूवर. कोणालातरी तीन-चार सेकंद सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आलं तर अर्थिंग खराब. मग तसंच बॅटरीच्या दुसऱ्या टोकापासून स्टार्टरच्या मोठ्या बोल्टपर्यंत मोजा, तिथेही अर्ध्याच्या आत हवं. त्याच वेळी बॅटरीच्या दोन टोकांमध्ये १० च्या आसपास टिकलं पाहिजे.

या गाड्यांत दोषी बहुतेकदा इंजिन आणि बॉडीमधली विणलेली तांब्याची पट्टी असते. इंजिन रबरच्या माउंटिंगवर बसलेलं असतं, त्यामुळे ही पट्टी नसेल किंवा सडली असेल, तर करंट अ‍ॅक्सिलरेटरसारख्या केबलमधून वाट शोधतो. सेल्फ मारल्यावर एखादी केबल गरम लागली, तर शोध तिथेच संपवा. पट्टीखालचा रंग खरवडा, घट्ट आवळा, वरून ग्रीस लावा. बॅटरीची वायर कोणी बारीक टाकली असेल तर २५ चौरस मिमीच्या आतली चालवू नका.

सेल्फ नुसता गरगरतो पण इंजिन फिरत नाही, असं झालं तर बेंडिक्स (सेल्फचं दातेरी चाक इंजिनच्या दातांत ढकलणारा भाग) घाणीने अडकलाय. तो रॉकेलने धुवायचा, ग्रीस भरायचं नाही, धूळ चिकटते. दातात अडकून बसला तर टॉप गिअर टाकून गाडी पुढे-मागे झुलवा.

चार्जिंग आणि अर्थिंगची मापं बरोबर येऊनही बॅटरी उभ्या गाडीत उतरत असेल, तर रात्री बॅटरीची एक वायर काढून मध्ये मीटर अँपिअरवर लावा. पन्नास मिलीअँपिअरपेक्षा जास्त दिसलं तर एकेक फ्यूज काढत जा. स्टिरिओची वायर बहुधा थेट बॅटरीवर दिलेली सापडते. मीटर मध्ये असताना सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज उडेल.

अल्टरनेटरबद्दल : डायनामो साधारण २० अँपिअर देतो आणि आयडलिंगला जवळपास काहीच नाही. कंपनीचे ४५ वॉटचे दोन हेडलाइट, टेललाइट आणि कॉइल मिळून १३-१४ अँपिअर जातात, तेवढं तो निभावतो. कोणी १०० वॉटचे हॅलोजन टाकले असतील, तर तो हरतोच. रोज पुण्या-मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये रात्री चालवायची असेल, तर अल्टरनेटर योग्य आहे. पण मग 'ए'कडची जुनी वायर आणि अ‍ॅमीटर बदलावे लागतात, आणि बॉडीला पॉझिटिव्ह असेल तर आधी सगळी पोलॅरिटी उलटवावी लागते. नाहीतर अल्टरनेटरचे डायोड पहिल्याच क्षणी जातील. रविवारी फिरवायची गाडी असेल तर कटआउट साफ करून डायनामोच ठेवा. 'डी', 'ए' आणि बॅटरीचे तीन आकडे इथे लिहा, पुढचं सांगतो.