पत्रिका उघडली, लग्न कुणाचं ते कळलंच नाही

गोव्यात फोंड्याला तिस्काजवळ माझं काँप्युटर दुरुस्तीचं दुकान १९९९ पासून आहे. पावसाळ्यातलं गिऱ्हाईक ठरलेलं. एक तर वीज कडाडून मॉडेम गेलेला असतो, नाहीतर ‘ताई, चालू केला की नुसता बीप-बीप करतो’. या दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या काँप्युटरमधली रॅमची, म्हणजे मेमरीची, पट्टी काढायची, तिची सोनेरी टोकं पोरांच्या खोडरबराने घासायची, पुन्हा बसवायची. आमच्या दमट हवेत निम्म्या वेळा एवढ्यावर भागतं.

गेल्या चार-पाच वर्षांत तिसरं गिऱ्हाईक सुरू झालंय. ते हातात फोन घेऊन येतं. दुकानात कुणी असलं तर झेरॉक्सच्या निमित्ताने रेंगाळतं, आणि सगळे गेले की हळूच म्हणतं, ‘ताई, जरा बाजूला येता?’ या पानावर दर महिन्याला मी वाचकांच्या पत्रांना उत्तरं देते. यावेळचं पहिलं पत्र तसल्याच गिऱ्हाइकाचं आहे.

मी निवृत्त शिक्षिका, वय ६७. जुन्या सहकारी बाईंच्या नंबरावरून व्हॉट्सॲपवर लग्नाच्या आमंत्रणाची फाईल आली. उघडली तर काहीच दिसलं नाही. फोनने दोन-तीनदा ‘अलाऊ’ विचारलं, मी दाबत गेले. दोन दिवसांनी भाचीचा फोन, ‘मावशी, तू मला कुणाचं आमंत्रण पाठवलंस?’ मी पाठवलेलं नाही! बँकेतले पैसे अजून जागेवर आहेत. मुलगा पुण्याला असतो. त्याला सांगितलं तर फोनच काढून घेईल. सांगावं का?
— एक वाचक, साखळी

बाई, तुम्ही पत्रात लँडलाइनचा नंबर दिलात ते फार बरं केलंत. मासिक निघेपर्यंत थांबले असते तर उत्तराला अर्थ राहिला नसता. आपलं बोलणं झालंच आहे, आता बाकीच्यांसाठी लिहिते.

पत्रिका म्हणजे चित्र असतं, नाहीतर पीडीएफ. या फाईलच्या नावाच्या शेवटी ‘एपीके’ होतं. एपीके म्हणजे अँड्रॉइड फोनवर ॲप चढवायची फाईल. ती उघडणं म्हणजे घरात भाडेकरू घेणं, आणि ‘अलाऊ’ दाबत जाणं म्हणजे त्याला एकेका खोलीची किल्ली देणं. यातली सर्वांत महागाची किल्ली एसएमएसची. ‘ओटीपी कुणाला सांगू नये’ हे बाईंना पाठ आहे, पण इथे कुणी विचारतच नाही. बँकेचा मेसेज आला की भाडेकरू तो वाचतो आणि परस्पर पुढे पाठवतो. शिवाय फोनमधल्या सगळ्या नंबरांवर तीच पत्रिका धाडतो. बाईंना आली ती सहकारी बाईंच्या फोनमधल्या भाडेकरूकडून, भाचीला गेली ती बाईंच्या. त्यामुळे ‘अनोळखी नंबरावरचं उघडू नका’ हा सल्ला इथे काडीच्या कामाचा नाही. नंबर ओळखीचाच असतो.

असं झालं तर पहिल्यांदा फोन विमान मोडवर टाका आणि वायफायही बंद करा. भाडेकरूला बाहेर निरोप धाडता आला नाही की तो लुळा. मग शेजारणीच्या फोनवरून बँकेला फोन करून नेटबँकिंग, यूपीआय आणि कार्ड थांबवायला सांगा. बँकेचा नंबर पासबुकावरून किंवा कार्डाच्या पाठीवरून घ्या. गूगलवर शोधू नका, तिथे चोरांनीही आपले नंबर पेरून ठेवलेले असतात. पैसे गेले असतील तर १९३० वर फोन लावा. तो सायबर फसवणुकीचा देशभराचा नंबर आहे. पैसे चोराच्या एका खात्यातून दुसऱ्या खात्यात सरकायच्या आत रोखायचे असतात, म्हणून ‘उद्या सकाळी बघू’ म्हणायचं नाही.

ॲप काढून टाकायला सेटिंगमध्ये गेलात तर कधी त्याचं चित्रच दिसत नाही, कधी काढायचं बटण दाबलं जात नाही. मी अशा वेळी खटपट करत बसत नाही. फोटो आणि नंबर उतरवून घेते आणि फोन फॅक्टरी रीसेट करते, म्हणजे आतलं सगळं पुसून नव्यासारखा करते. पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्या फोनवरून, कारण याच फोनवरून बदलले तर नवेही त्यालाच कळणार. व्हॉट्सॲपमध्ये ‘लिंक्ड डिव्हायसेस’ उघडून परका काँप्युटर जोडलेला नाही ना हे बघा आणि व्हॉट्सॲपच्या सेटिंगमधला ‘टू-स्टेप व्हेरिफिकेशन’चा सहा आकडी पिन लावून टाका. शेवटी स्टार हॅश २१ हॅश फिरवलं की आपले कॉल दुसरीकडे वळवलेत का तेही कळतं.

आता मुलाला सांगायचं का? बाई, आजच सांगा. रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये परिपत्रक काढून सांगितलंय की ग्राहकाच्या निष्काळजीपणाने पैसे गेले तरी त्याने बँकेला कळवल्यानंतर जे जातील त्याचा भार बँकेवर. दोष ग्राहकाचाही नाही नि बँकेचाही नाही, मधल्याच कुणाचा असेल, तर कामाच्या ३ दिवसांत कळवल्यास ग्राहकाला काहीच सोसावं लागत नाही. म्हणजे तोंड किती वाजता उघडलं याला रुपयांत किंमत आहे. सहकारी बाईंना आणि भाचीलाही सांगा. नाहीतर भाचीच्या सासरपर्यंत ही पत्रिका पोचेल.

राहिली लाज. माझंच ऐका. दोन वर्षांमागे चवथीच्या आदल्या दिवशी मी माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळापानांचं, सामान घेऊन घरी पोचते तोच मेसेज आला, ‘मागचं बिल जमा दिसत नाही, आज रात्री साडेनऊला वीज तोडण्यात येईल, या नंबरावर संपर्क करा.’ सकाळपासून पावसाने तीनदा वीज गेलेली. उद्या घरात गणपती. आणि दर महिन्याला या पानावर लोकांना शहाणपण शिकवणाऱ्या मी त्या नंबरावर फोन लावला! पलीकडचा माणूस ‘मॅडम, मॅडम’ करत इतका गोड बोलला! दहा रुपये भरा, बिल अपडेट होईल, तेवढं एक ॲप उतरवा, म्हणाला. ते ॲप कुठलं, तर मी दुकानात बसून गिऱ्हाइकांचे काँप्युटर ज्यातून बघते तेच. उतरवलंसुद्धा. त्याला माझ्या फोनमध्ये शिरू देणारा कोड वाचून दाखवायला तोंड उघडलं तेव्हा डोक्यात उजेड पडला. दमडी गेली नाही, तरी नवऱ्याला आठ दिवस सांगितलं नव्हतं.

मी सगळे पासवर्ड एका वहीत लिहून कपाटात ठेवते. मुलगा म्हणतो, हा शुद्ध वेडेपणा आहे. खरं का?
— एक गृहिणी, केपे

मुलगा अर्धाच बरोबर आहे. सांगा त्याला. काँप्युटरवर पासवर्ड वापरायची सुरुवात झाली ती अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रविद्यापीठात, १९६१ च्या सुमारास. एक काँप्युटर, वापरणारे अनेक, म्हणून फर्नांडो कोर्बातो आणि मंडळींनी प्रत्येकाला पासवर्ड दिला. पुढच्याच वर्षी ॲलन शेर नावाच्या विद्यार्थ्याला काँप्युटरवर मिळणारे आठवड्याचे चार तास पुरेनात. त्याने पंचकार्ड (भोकं पाडून आज्ञा लिहिलेलं कार्ड) टाकून काँप्युटरलाच सांगितलं की पासवर्डांची फाईल छापून दे, आणि त्याने ती छापून दिली. मग हा दुसऱ्यांच्या नावाने आत जाऊन काम करू लागला.

ती यादी सगळे वापरत त्या एकाच काँप्युटरमध्ये होती. तुमची वही तुमच्या कपाटात आहे. परदेशात बसलेला चोर केप्यातलं कपाट उघडायला येत नाही. त्याच्या हाती लागतं ते भलत्याच कुठल्यातरी दुकानाच्या साइटवरून फुटलेलं, आणि तोच पासवर्ड तुम्ही ईमेललाही ठेवलेला असतो. वहीमुळे प्रत्येक ठिकाणी वेगळा पासवर्ड ठेवणं जमत असेल तर वही शंभर टक्के चांगली. फक्त एटीएमचा आणि यूपीआयचा पिन तिच्यात नको, आणि वहीच्या पानांचे फोटो फोनमध्ये तर अजिबातच नको. मी स्वतः वहीत पासवर्ड अर्धा लिहिते. शेवटचा एक शब्द डोक्यात असतो, तो सगळीकडे तोच.

दर तीन महिन्यांनी बदला, एक मोठं अक्षर घाला, एक चिन्ह घाला, हे जे ऑफिसांतून छळतात त्याचं मूळ २००३ च्या एका अमेरिकी सरकारी मार्गदर्शिकेत आहे. ती लिहिणाऱ्या बिल बर यांनी २०१७ मध्ये आपल्याला तिचा पश्चात्ताप होतो असं कबूल केलं. त्याच साली आलेल्या नव्या मार्गदर्शिकेत लांबीवर भर आहे. असंबद्ध चार शब्द, आपल्या मराठीतले, रोमन लिपीत एकापुढे एक. नातवंडांची नावं नकोत. ईमेलचा पासवर्ड सगळ्यात भक्कम ठेवा, कारण बाकी सगळीकडचं ‘पासवर्ड विसरलात?’ त्याच दारात येऊन थांबतं.

आणि वही कुठे आहे ते घरात एकाला तरी ठाऊक असू द्या. नवरा गेल्यावर त्याचा लॅपटॉप घेऊन एक बाई दुकानात आल्या होत्या. आत लग्नापासूनचे फोटो, आणि डिस्क एन्क्रिप्ट केलेली, म्हणजे पासवर्डाशिवाय वाचताच न येणारी. मी काही करू शकले नाही.

पणजीच्या कॅफेतलं फुकट वायफाय वापरलं तर बँकेचा पासवर्ड चोरीला जातो का?
— एक वाचक, ताळगाव

आता सहसा नाही. बँकेची साइट आणि ॲप सगळं कुलूपबंद करूनच पाठवतात. वायफाय देताना ‘गूगलचा पासवर्ड टाका’ म्हणून पान आलं तर मात्र उठून दुसऱ्या कॅफेत जा.

मी काँप्युटर इंजिनियरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. एथिकल हॅकर, म्हणजे परवानगी घेऊन यंत्रणांतल्या फटी शोधणारा, व्हायचंय. ८५ हजारांचा सहा महिन्यांचा कोर्स आहे, १०० टक्के नोकरीची हमी देतात. करू का? आणखी एक. कॉलेजच्या वायफाय राउटरला अजून कंपनीचाच पासवर्ड आहे. मी आत जाऊन बघितलं. प्राचार्यांना सांगितलं तर शाबासकी मिळेल का?
— एक विद्यार्थी, फोंडा

दुसऱ्यापासून सुरू करते, कारण तिथे तू अडकशील. पुन्हा आत जाऊ नकोस. मित्रांना दाखवायलाही नाही. मालकाच्या परवानगीशिवाय काँप्युटरमध्ये शिरणं माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ मध्ये येतं, आणि तेच लबाडीने केलं असं ठरलं तर कलम ६६ खाली ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ‘मला फक्त बघायचं होतं’ हे अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाचा विद्यार्थी रॉबर्ट मॉरिसही म्हणू शकला असता. २ नोव्हेंबर १९८८ ला त्याने इंटरनेटवर एक प्रोग्रॅम सोडला. हिशेब चुकला, तो एकाच मशीनवर पुन्हा पुन्हा चढत गेला आणि हजारो मशीन ठप्प झाली. त्याचे वडील अमेरिकी सरकारात काँप्युटर-सुरक्षेचेच मोठे शास्त्रज्ञ! पोराला ३ वर्षं प्रोबेशन, ४०० तास समाजसेवा आणि १०,०५० डॉलर दंड झाला. पुढे तो एमआयटीत प्राध्यापक झाला, पण तेवढ्यावर भरवसा ठेवून तू धाडस करू नकोस. ज्या सरांशी तुझं जमतं त्यांना दोन ओळी लिहून दे की राउटरचा मूळ पासवर्ड बदललेला दिसत नाही. शाबासकीची वाट बघू नकोस.

कोर्सचं म्हणशील तर १०० टक्के हमी कुणी देतो म्हटलं की माझा हात आपोआप पर्सवर जातो. ८५ हजार ठेव बाजूला. ‘ओव्हर द वायर’ या साइटवर ‘बँडिट’ नावाचा फुकट खेळ आहे. त्यात लिनक्सच्या आज्ञा वापरून एका पायरीवर पुढच्या पायरीचा पासवर्ड शोधायचा. दहाव्या पायरीपर्यंत कंटाळलास तर हे काम तुझं नव्हे असं समज, आणि हे फुकटात कळलं. कंटाळला नाहीस तर ‘पोर्टस्विगर’ची वेब सुरक्षेची अकादमी आहे, तीही फुकट. ब्राउझरमध्ये पत्ता टाइप केल्यापासून पान दिसेपर्यंत मध्ये काय काय घडतं ते मला दहा मिनिटं न थांबता सांगता आलं की दुकानात ये, चहा माझा.

आणि सिनेमातलं विसर. काळी टोपी घालून अंधारात टाइप करणं म्हणजे हे काम नव्हे. बऱ्याच जणांची पहिली नोकरी शिफ्टची असते. रात्रभर पडद्यावरच्या धोक्याच्या सूचना बघायच्या, त्यातली खरी कुठली आणि खोटी कुठली ते ठरवायचं आणि सकाळी साहेबाला कळेल अशा भाषेत अहवाल लिहायचा. अहवाल लिहिता येणारी पोरं मला तरी कमीच दिसतात. २०१० पासून गोव्यात ‘नलकॉन’ नावाची सुरक्षा परिषद भरते, देश-विदेशातून हॅकर विमानाने इथे उतरतात, आणि आमची पोरं मात्र तेच शिकायला बंगळुरूची गाडी पकडतात. एकदा जाऊन बघ, तिथली माणसं कशी बोलतात ते तरी कळेल.

मुलगी इंजिनियरिंगला आहे. तिच्या शर्टावर किटलीचं चित्र आणि खाली ४१८ असा आकडा. मैत्रिणी तो बघून खिदळतात. विचारलं तर ‘पप्पा, तुम्हाला नाही कळणार’. हा आकडा ४२० च्या फार जवळचा वाटतो. काळजी करावी का?
— एक वडील, काणकोण

करू नका. वेबवर पान सापडलं नाही की ४०४ येतो ना, त्याच कुटुंबातला हा आकडा. १ एप्रिल १९९८ ला इंटरनेटच्या जाणत्या मंडळींनी अगदी गंभीर सरकारी भाषेत एक नियमावली काढली. विषय होता इंटरनेटवरून कॉफीचं भांडं कसं चालवावं. तिच्यात असं म्हटलंय की चहाच्या किटलीला कुणी कॉफी करायला सांगितलं तर तिने ४१८ हा आकडा देऊन उत्तर द्यावं, ‘मी किटली आहे.’ एवढाच विनोद. २०१७ मध्ये काही सॉफ्टवेअरमधून हा आकडा काढून टाकायची भाषा निघाली, तर लोकांनी असा गलका केला की तो राहिला.

उद्या तिने कॉफी मागितली की तुम्ही नुसतं ‘४१८’ म्हणा आणि तिचं तोंड बघा. आणि त्या शर्टाला इस्त्री उलट्या बाजूने करा, नाहीतर छपाई उखडते.